दोरा, गाठ आणि गोंडा

दोऱ्याचा एक भाग दुसऱ्या भागात अडकवून तो घर्षणाच्या जोरावर जागच्या जागी थोपवणे म्हणजे गाठ मारणे. गाठींचे ढोबळ प्रकार दोन. टोक ओढताच सुटते ती सुरगाठ आणि ओढले की अधिकच आवळते ती निरगाठ. परकराची नाडी, बुटाचा बंद यांना सुरगाठ लागते. पोत्याचे तोंड, विहिरीवरची घागर यांना निरगाठ. शोभेच्या गाठी बहुतेक निरगाठीच असतात. त्या एकदा बांधल्या की सोडायच्या नसतात. त्या दिसाव्यात, मोजता याव्यात आणि वापरात टिकाव्यात, एवढीच अपेक्षा असते. यातले टिकणे पहिले. जी गाठ धरून राहत नाही, ती कितीही देखणी असली तरी चार दिवसांत विस्कटते.

मुंबईतल्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मराठी वस्तीत शोभेच्या गाठींचा हंगाम श्रावणात सुरू होतो. श्रावणी पौर्णिमेला पोवती आणि राख्या, भाद्रपदात गौरीचे दोरे, अनंत चतुर्दशीला अनंताचा दोरा. जानव्याची ब्रह्मगाठ, दागिन्यामागचा रेशमी गोंडा आणि केसांतला गजरा मात्र बारमाही. यांतल्या प्रत्येक वस्तूची गाठ वेगळी आहे, पण तंत्र मोजक्याच कृतींवर उभे आहे. त्या कृती सोप्याकडून अवघडाकडे पाहता येतात.

दोरा आणि पीळ

गाठ चांगली बसणे हे निम्मे दोऱ्यावर अवलंबून असते. एकेरी तंतूला पीळ दिला की तो स्वतःभोवती वळवळतो आणि त्याला वेटोळी पडतात. असे पिळलेले दोन-तीन पदर एकत्र घेऊन त्यांना उलट्या दिशेने पीळ दिला, की दोन्ही पीळ एकमेकांना तोलून धरतात आणि दोरा शांत, सरळ राहतो. हाताने वळलेल्या प्रत्येक चांगल्या दोरीत ही युक्ती असते. पीळ कमी पडला तर गाठीत पदर सुटे होऊन चपटे दिसतात, जास्त झाला तर गाठ आवळताना दोरी मुरडते.

सुती दोरा खरबरीत असतो, त्यामुळे त्याची गाठ सरकत नाही. शिकणाऱ्याने म्हणून सुतानेच सुरुवात करावी. रेशीम गुळगुळीत, चमकदार आणि चिवट. त्याच्या गाठीचा आकार रेखीव येतो, पण ती दुप्पट काळजीने आवळावी लागते. जरीत सुताच्या किंवा रेशमाच्या गाभ्यावर धातूची बारीक पट्टी गुंडाळलेली असते. तीच गाठ पुन्हा पुन्हा सोडली तर पट्टी उकलते, म्हणून जरीला पहिल्याच प्रयत्नात गाठ बसवावी लागते. नायलॉन स्वस्त आणि रंगीत असले तरी ते निसरडे आणि लवचीक असते. त्याची टोके किंचित तापवून वितळवली नाहीत तर गाठ हळूहळू मागे सरकते.

मुंबईच्या या मराठी वस्तीचा सुताशी संबंध जुना आहे. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागचे गिरणगाव उभे राहिले. गिरणीतही गाठ होतीच. तुटलेला धागा जोडताना कामगार मारत ती सांध्याची गाठ इतकी बारीक आणि चपटी असावी लागे, की मागाच्या फणीतून ती न अडकता जावी आणि कापडात दिसू नये. शोभेच्या गाठीचे काम नेमके उलटे असते. तिला उठून दिसायचे असते, म्हणून तिच्यात दोरा मुद्दाम जास्त घातला जातो.

चौदा गाठींचा अनंत

भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला अनंताचे व्रत असते. त्याच दिवशी गिरगाव चौपाटीवर सार्वजनिक गणपतींचे विसर्जन होते. केशवजी नाईक चाळीचा १८९३ पासूनचा गणपती, लालबागच्या गणेश गल्लीचा १९२८ पासूनचा आणि लालबागच्या राजाचा १९३४ पासूनचा उत्सव याच तिथीला पुरा होतो. ज्या घरी व्रत असते तिथे सकाळी दर्भाचा शेष करून अनंताची पूजा होते आणि चौदा गाठींचा दोरा हातात बांधला जातो. पुरुष उजव्या, स्त्रिया डाव्या. हे व्रत परंपरेने चौदा वर्षे चालवतात आणि दरवर्षी जुन्या दोऱ्याच्या जागी नवा येतो. कौंडिण्य ऋषीने हा दोरा अग्नीत टाकला आणि त्याचे वैभव गेले, ही व्रतकथा सर्वश्रुत आहे.

हा दोरा लाल रेशमाचा किंवा कुंकवात रंगवलेल्या सुताचा असतो. त्याची गाठ सर्वांत साधी: दोऱ्याचा एक वेढा करायचा, टोक त्यातून आरपार काढायचे आणि ओढायचे. अवघड आहे ते चौदाही गाठी सारख्या आकाराच्या आणि सारख्या अंतरावर येणे.

पहिला प्रश्न लांबीचा. साधी गाठ पूर्ण आवळली की दोऱ्याच्या जाडीच्या सुमारे दहापट लांबी खाते. तीन मिलिमीटर जाडीच्या दोऱ्यात एक गाठ तीन सेंटिमीटर घेईल आणि चौदा गाठी बेचाळीस. दंडाभोवतीचा घेर आणि बांधायची टोके धरून साधारण एक मीटर दोरा घेतला की पुरतो. कमी घेतलेला दोरा शेवटच्या दोन-तीन गाठींत नडतो.

दुसरा प्रश्न जागेचा. गाठ हाताने ओढली की ती भलत्याच ठिकाणी आवळते. त्यासाठी वेढा सैल ठेवून त्यात जाड सुई किंवा दाभण घालावे. सुईच्या टोकाने वेढा हव्या त्या जागेवर, म्हणजे आधीच्या गाठीपाशी, सरकवत न्यावा. तिथे पोहोचल्यावर दोरा ओढत जावे आणि शेवटच्या क्षणी सुई काढून घ्यावी. मोत्यांच्या सरात दोन मोत्यांमध्ये मारलेली गाठही अशीच बसवतात. तिथे तिचा उपयोग दुहेरी असतो. मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि सर तुटलाच तर एखादाच मोती निसटतो, बाकीचे जागेवर राहतात.

तिसरा प्रश्न दिशेचा. साधी गाठ उजवी किंवा डावी असते. उजवे टोक डाव्यावरून नेले तर एक, डावे उजव्यावरून नेले तर दुसरी. दोन्ही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. गाठीची दोन्ही टोके जोडून बंद कडे केले, तर उजव्या कड्याचे डावे कडे दोरा न कापता कधीच करता येत नाही. हे गणिती पद्धतीने माक्स डेन या जर्मन गणितज्ञाने १९१४ मध्ये सिद्ध केले. दोरा करणाऱ्याला त्यातून एक व्यवहारी नियम मिळतो: चौदाही गाठींत एकच टोक वर घ्यावे. एखादी गाठ उलटी पडली की तिचा कल बाकीच्यांच्या विरुद्ध दिसतो आणि ओळीत तेवढीच डोळ्यांत खुपते.

गौरीचे सोळा

गौरीचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठेवर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. कोकणातून गिरगावात आलेल्या अनेक घरांत पाणवठ्यावरचे खडे गौर म्हणून पुजले जातात, तर देशावरच्या घरांत मुखवट्यांच्या उभ्या गौरी असतात. पुष्कळ घरांत तिसऱ्या दिवशी सुताचे दोरे करण्याची चाल आहे. सोळा पदरी सूत हळदीत पिवळे करतात आणि त्याला सोळा गाठी पाडतात. काही घरांत प्रत्येक गाठीत फुलाची पाकळी, झेंडूचे पान, हळकुंडाचा किंवा सुक्या मेव्याचा तुकडा असा एकेक जिन्नस धरतात.

अशी भरलेली गाठ बांधताना वेढा प्रथम जिन्नसाभोवती घ्यावा, मग टोक आत घालावे आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, सावकाश ओढावे. एका बाजूने झटका दिला तर पाकळी कापली जाते. सूत ओले असताना गाठ मारली आणि मग वाळू दिली तर ती अधिक पक्की होते, कारण आवळलेले तंतू त्याच आकारात वाळून बसतात. हळदीचे पाणी रंगाबरोबर हेही काम करते.

ब्रह्मगाठ

जानव्यात गाठ एकच दिसते, पण तिच्यामागे मोजमापाची मोठी शिस्त आहे. पूर्वी जानव्याचे सूत घरीच चातीवर कातत. ते चार बोटांभोवती गुंडाळून ९६ वेढ्यांचे माप घेतात. प्रौढ हाताच्या चार बोटांचा घेर साधारण १७ सेंटिमीटर धरला तर ही लांबी सोळा मीटरच्या आसपास येते. एवढ्या लांबीचे तीन तंतू एकत्र करून पीळ देतात. मग त्याची तिहेरी घडी घालून पुन्हा पीळ देतात. आता नऊ तंतूंचा एक दोरा तयार होतो आणि त्याची लांबी सुमारे साडेपाच मीटर उरते. या दोऱ्याचे तीन समान वेढे केले की एकेक वेढा पावणेदोन मीटरहून थोडा मोठा होतो. खांद्यावरून कमरेपर्यंत येणाऱ्या जानव्याला हेच माप लागते. ९६ चा आकडा आणि माणसाचे शरीर यांचा मेळ असा बसतो, आणि हात मोठा असेल तर जानवेही त्या प्रमाणात लांब होते.

तिन्ही वेढ्यांची टोके जिथे एकत्र येतात तिथे ब्रह्मगाठ बसते. उरलेले टोक तिन्ही पदरांभोवती गुंडाळून त्या गुंडाळीच्या आतून ओढून घेतात, त्यामुळे टोक दिसेनासे होते आणि गाठ लांबट, भरीव दिसते. गुंडाळीचे वेढे किती घ्यायचे हे परंपरेने गोत्राच्या प्रवरसंख्येवरून ठरवतात. नऊ तंतूंवर ओंकार, अग्नी, नाग, सोम आदी नऊ देवतांची स्थापना सांगितली आहे. जानवे बदलण्याचा मुख्य प्रसंग म्हणजे श्रावणी. गिरगाव-दादरच्या पूजासाहित्याच्या दुकानांत आता तयार जानव्यांच्या जोड्या मिळतात. बहुतेकांचे सूत गिरणीचे असते.

पटवेकाम

मण्यांना, सोन्याच्या घडीव दाण्यांना आणि मोत्यांना रेशमात ओवून, गाठवून, गोंडा लावून देण्याचा धंदा पटवेकरींचा. मुंबई इलाख्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरांत गोंडे करणारे कारागीर म्हणून त्यांची नोंद आढळते. सोनार दागिना घडवतो, पण ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक किंवा कोल्हापुरी साज गळ्यात नीट बसतो तो पटवेकऱ्याच्या दोऱ्यामुळे. या कामात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गुंडाळ. एकत्र धरलेल्या पदरांवर बारीक रेशीम गाठ न दिसता बांधण्याची ही रीत. रेशमाच्या एका टोकाचा लांबट फास करून तो पदरांवर आडवा न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवावा. दुसऱ्या टोकाने फासावरूनच, फासाच्या बंद टोकाकडे, एकमेकांना चिकटून आठ-दहा वेढे घ्यावेत. ते टोक फासातून ओवावे. मग फासाचे सुटे टोक ओढावे. फास वेढ्यांखाली सरकत जातो आणि दुसरे टोक आपल्याबरोबर आत नेतो. ते मध्यावर पोहोचले की दोन्ही टोके वेढ्यांलगत कापावीत. कुठेही गाठ दिसत नाही, तरी वेढे सुटत नाहीत. कारण घर्षण वेढ्यांच्या संख्येबरोबर नुसते वाढत नाही, प्रत्येक वेढ्यागणिक पटीने वाढते. दोन वेढे सहज निसटतात. आठ वेढे ओढून निघत नाहीत.

दुसरा गोंडा. पाच सेंटिमीटर उंचीच्या पुठ्ठ्यावर रेशमाचे पन्नासेक वेढे घ्यावेत. वरच्या कडेखालून दोरी ओवून घट्ट बांधावी, खालची कड कात्रीने कापावी आणि पुठ्ठा काढून घ्यावा. वरच्या टोकापासून बोटाच्या अर्ध्या पेरावर गुंडाळ घालून मान तयार करावी. झालर सारखी दिसण्यासाठी गोंडा ओल्या हाताने खाली ओढून सरळ करावा आणि मगच टोके एका रेषेत कापावीत. आधी कापून मग ओला केला तर लांबी पुन्हा कमीजास्त होते.

तिसरी सरकती गाठ. ठुशीच्या दोन्ही टोकांच्या कड्यांतून आलेल्या दोऱ्या मानेमागे एकत्र येतात आणि एका गुंडाळलेल्या नळीतून खाली जाऊन गोंड्यात संपतात. नळी मानेकडे ढकलली की दागिना आवळतो, गोंड्याकडे ओढली की सैल होतो. एकच ठुशी आजीला आणि नातीला दोघींनाही बसते ती या नळीमुळे. ती करताना दोन्ही दोऱ्यांबरोबर एक बारीक सळई धरून तिच्यासकट गुंडाळ घालावी आणि शेवटी सळई काढून घ्यावी. सळईच्या जाडीइतकी मोकळीक राहते आणि नळी जोर दिल्यावर सरकते, एरवी जागीच थांबते. मोकळीक जास्त झाली तर दागिना घालून चालतानाच सैल होतो. अजिबात नसेल तर नळी हलतच नाही. नळीच्या तोंडाशी दोरी झिजते, म्हणून दर काही वर्षांनी ती बदलून घ्यावी लागते. जड दागिना पडून हरवण्याचे कारण पुष्कळदा सोन्यात नसून या झिजलेल्या दोरीत असते.

सरकत्या गाठीची सोपी आवृत्ती ताईत किंवा लॉकेटच्या काळ्या दोऱ्यात दिसते. दोन्ही टोके एकमेकांवरून विरुद्ध दिशांना नेऊन प्रत्येक टोकाने समोरच्या दोऱ्याभोवती साधी गाठ मारायची. दोन गाठी जवळ आल्या की दोरा मोठा होतो, दूर नेल्या की लहान.

गजरा आणि शिंके

दादर स्थानकाबाहेरच्या फुलबाजारात गाठीचे सर्वांत वेगवान काम पाहायला मिळते. हार सुईने ओवतात, पण बांधलेला गजरा गाठींचाच असतो. दोन-तीन कळ्या एका दिशेला, दोन-तीन उलट दिशेला ठेवून देठांवरून दोऱ्याचा वेढा घेतात आणि तो वेढा स्वतःखालीच दाबून ओढतात. गाठ अर्धीच असते. पुढच्या कळ्यांची गाठ तिला पक्के करते. म्हणूनच गजरा मधून कापला तर कापल्या जागेपासून फुले सुटू लागतात, आणि हवा तेवढा तुकडा देताना फुलवाली टोकाला एक निरगाठ मारून देते. पूर्वी दोऱ्याऐवजी केळीच्या सोपाचा ओला धागा वापरत. तो देठ कापत नाही आणि कळ्यांना ओलावाही देतो.

शिंके हा याच कुळातला जड प्रकार. दूध-दह्याची भांडी मांजर-मुंग्यांपासून दूर टांगण्यासाठी सुतळीचे किंवा काथ्याचे शिंके घरोघरी असे. तळाला कडे, त्यातून वर निघालेल्या दोऱ्या, मध्ये भांड्याचा पोटफुगवटा धरणाऱ्या गाठी आणि वर सगळ्यांची एक मूठ, अशी त्याची रचना. शेजारच्या दोऱ्या एकआड एक जोडत गेले की जाळी तयार होते. १९७० च्या दशकात मॅक्रमे नावाने जगभर लोकप्रिय झालेल्या कुंड्यांच्या झोळ्यांची बांधणी याहून वेगळी नाही. त्यातली मुख्य चौकट गाठ म्हणजे मधल्या दोऱ्यांभोवती आधी उजवी आणि मग डावी अर्धगाठ. दोन्ही वेळा एकाच बाजूने अर्धगाठ मारत गेले, तर पट्टी सपाट न राहता जिन्यासारखी फिरत जाते. काही जण ती मुद्दाम तशी करतात.

दोष आणि निगा

बहुतेक बिघाड चार कारणांनी होतात. दोरा लांबीला कमी घेतला जातो; ओढण्याचा जोर दर गाठीला बदलतो; वर घेतलेले टोक मध्येच बदलते; आणि गाठ आकारात आणण्याआधीच आवळली जाते. शेवटचे कारण सर्वांत सामान्य आहे. कोणतीही शोभेची गाठ दोन टप्प्यांत बांधावी. प्रथम सैल ठेवून सगळे पदर आपापल्या जागी, एकमेकांवर न चढता बसवावेत. मग दोरा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने ढिलाई थोडी थोडी पुढे सरकवत टोकापर्यंत न्यावी. एकदम ओढलेल्या गाठीत ढिलाई आत अडकून राहते आणि पुढे तीच गाठ सोडवते.

रेशमी दोऱ्याला घाम, अत्तर आणि साबण सोसत नाही. दागिना काढल्यावर दोरी कोरड्या कापडाने पुसून मोकळी ठेवावी, गुंडाळून ठेवू नये. सुती दोरा पावसाळ्यात ओला राहिला तर काळा पडतो. मुंबईच्या दमट हवेत तो वाळवूनच डबीत ठेवावा.

अमेरिकी लेखक क्लिफर्ड अॅशली यांच्या १९४४ च्या प्रसिद्ध ग्रंथात ३,८०० हून अधिक गाठींच्या नोंदी आहेत. रोजच्या आणि सणावारी लागणाऱ्या मराठी घरातल्या गाठींना त्यांतला अगदी थोडा भाग पुरतो: साधी गाठ, अर्धगाठ, चौकट गाठ, गुंडाळ आणि सरकती गाठ. नवशिक्याने एक मीटर जाड सुती दोरा आणि एक दाभण घेऊन अनंताच्या चौदा गाठींपासून सुरुवात करावी. चौदाही सारख्या आल्या की पुढच्या चारही गाठी शिकायला फारसे अवघड जात नाही.